लक्ष टिकवणं ज्यांचं रोजचं कामच आहे, ते लोक हे कसं जमवतात?

अधिकउणे (नाशिक)

एकाग्रतेचा विषय निघाला की सल्ले दोनच मिळतात. मन घट्ट कर, नाहीतर फोन लांब ठेव. दुसरा निदान अमलात तरी आणता येतो, पहिल्याचं नेमकं करायचं काय ते कुणी सांगत नाही. मला वाटतं, हा प्रश्न ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना विचारावा. लक्ष सुटलं तर ज्यांचा माल परत येतो, घड वाया जातो, गाडी लाल सिग्नल ओलांडून जाते, अशी माणसं पाळीच्या पाळी लक्ष कसं टिकवतात? आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, इगतपुरीचा घाट आहे, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत, येवल्याचे माग आहेत. म्हणजे असे लोक इथे वाचत असणारच. त्यांनी आपापल्या कामातली रीत सांगावी, म्हणून हा धागा काढतेय.

सुरुवात माझ्यापासून करते. मी गंगापूर रोडला एका कर सल्लागारांकडे जीएसटीचं काम बघते. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. ती क्लायंटच्या खरेदी रजिस्टरशी जुळवायची आणि २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं कर विवरणपत्र, भरायचं. बरंचसं एक्सेल जुळवून देतं. न जुळलेली बिलं उरतात ती माणसानेच बघायची. बिल नंबर, तारीख, रक्कम, कर, परत पुढचा बिल नंबर. डोकं फार लागत नाही, पण डोळा एक ओळ खाली घसरला की खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट चुकलंच.

आमच्याकडे जुन्या लोकांनी लावलेली शिस्त अशी. न जुळलेल्या बिलांची यादी छापून घ्यायची. ओळीखाली फूटपट्टी धरायची. रक्कम ओठांतल्या ओठांत वाचायची. एका पार्टीची सगळी बिलं मिटल्याशिवाय दुसऱ्या पार्टीला हात लावायचा नाही, आणि पार्टी संपली की बेरीज टाकायची. बेरजेत फरक आला आणि त्या फरकाला ९ने पूर्ण भाग गेला, तर बहुतेक वेळा शेजारचे दोन अंक उलटे पडलेले असतात. ४,५६०चे ५,४६० झाले की फरक ९००चा येतो, तसं. मग सगळं नव्याने तपासायला लागत नाही, उलटलेले अंक तेवढे शोधायचे.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगते. लक्ष सुटणारच नाही असं इथे कुणीही गृहीत धरलेलं नाही. ते सुटणार हे धरूनच कामाची बांधणी केलीय, आणि सुटलं की चटकन कळावं याची सोय केलीय.

याला शास्त्राचा आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार बघणारे लोक पाणबुड्या शोधायचे. पाळी लांबली की त्यांच्या नजरेतून पडद्यावरचे ठिपके निसटू लागायचे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले आणि १९४८ मध्ये ते प्रसिद्ध केले. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टक टक पुढे सरकतो, मधूनच एखाद्या वेळी दुप्पट उडी मारतो, ती उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तास हेच. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या, आणि ही माणसं काही आळशी नव्हती, निवडून घेतलेली होती. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी आलटून पालटून पाळी लावली तेव्हा ती घसरण थांबली.

हे वाचल्यावर माझ्या मनातून "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हा विचार गेला. प्रत्येकाच्या मनातून तो जावा असं मला फार वाटतं. लोक स्वतःला उगाच कोसत बसतात आणि त्यात उरलंसुरलं लक्षही जातं.

आता तुम्ही सांगा.

---

शिवार (दिंडोरी)

ताई, चांगला विषय काढला. आमच्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मणी धरले की विरळणी येते. निर्यातीचा माल करायचा तर घडात शंभराच्या आसपास मणी ठेवतात, बाकीचे बारीक कात्रीने काढायचे. जास्त ठेवले तर मणी एकमेकांना दाबतात, फुगत नाहीत, मधल्या मधे सडतात. जास्त काढले तर घड विरळा दिसतो आणि वजन जातं. एका झाडावर तीसेक घड धरा, एकरात झाडं किती, गुणाकार तुम्हीच करा.

हे काम पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांतल्या बायका करतात. त्यांचे हात नीट बघितले तर लक्षात येतं. डाव्या हाताच्या दोन बोटांत घडाचा देठ धरतात आणि घड फिरवत फिरवत वरून खाली येतात. आधी आतल्या बाजूला तोंड करून बसलेले मणी, मग बारके, मग खालचं शेपूट. क्रम कधीच बदलत नाही. कात्रीचं टोक देठाकडे, मण्याला लागू द्यायचं नाही, ओरखडा पडला की तो मणी पुढे डागी निघतो. आणि घड अर्धा सोडायचाच नाही. पाणी प्यायला कुणी हाक मारली तरी हातातला घड पुरा करूनच जातात. कारण हजारो घडांत अर्धा राहिलेला घड परत सापडत नाही. तो सापडतो थेट काढणीला, पॅकहाऊसमध्ये, आणि तिथे तो बाजूला पडतो.

सकाळी सातला सुरू करतात, ऊन तापलं की थांबतात, जेवून सावलीत टेकतात. एका ओळीला समोरासमोर दोघी असतात, हळू आवाजात गप्पा चालू. मी आधी म्हणायचो गप्पा बंद करा. आमच्या मुकादमबाई म्हणाल्या, "भाऊ, तोंड बंद केलं की डोळा लागतो." त्यानंतर मी बोलत नाही. हात आणि डोळे घडावर, तोंड मोकळं, असं त्यांचं जमलेलं आहे.

---

अधिकउणे

शिवारदादा, अर्ध्या घडाचं तुम्ही जे सांगितलंत त्यावर बराच अभ्यास झालेला आहे. अर्धवट सोडलेलं काम पुऱ्या केलेल्या कामापेक्षा जास्त आठवत राहतं हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये ऑफिसातल्या कामाबद्दल दाखवलं की पहिलं काम अपुरं टाकून दुसऱ्याला बसलं, तर मनाचा काही भाग पहिल्यापाशीच अडकून राहतो आणि दुसरं काम त्या मानाने कच्चं होतं.

ऑफिसात प्रत्येक घड पुरा करता येत नाही ही अडचण आहे. साहेब हाक मारतात, उठावंच लागतं. त्यावर लेरॉय यांनीच पुढे उपाय तपासला: उठण्याआधी अर्ध्या मिनिटात लिहून ठेवायचं, कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कुठली करायची. मी हे पेन्सिलने यादीच्या समासात लिहिते. "बिल ११७ पर्यंत झालं, ११८ची क्रेडिट नोट शोधायची." एवढंच. "बाकीचं करायचं" असं मोघम लिहिलं तर त्याचा काही उपयोग होत नाही, आल्यावर परत पहिल्यापासून विचार करावा लागतो.

---

घाटमाथा (इगतपुरी)

माझे वडील रेल्वेत लोको पायलट होते, आता निवृत्त आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला तर ते तासभर बोलले. त्यातलं थोडं लिहितो.

इंजिनात पायलट आणि सहायक दोघे असतात. सिग्नल दिसला की दोघांनी त्याचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगायचा, हात त्या दिशेने करून. दोघांनाही दिसतोय, दोघांनाही माहीत आहे, तरी बोलायचंच. लहानपणी एकदा इंजिनाजवळ उभं राहून ते ऐकलं तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं. वडील म्हणतात, डोळ्याने बघितलेलं मनापर्यंत पोचतंच असं नाही. जिभेवरून गेलं की पोचतं. आणि दुसरा चुकीचा रंग बोलला की लगेच कान टवकारतात.

जपानी रेल्वेत हीच रीत आणखी काटेकोरपणे चालते, तिथे तिला शिसा कांको म्हणतात. बोट दाखवायचं आणि बोलायचं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये एका साध्या कामावर चाचणी घेतली. नुसतं बघून काम केलं तर १०० क्रियांमागे २.३८ चुका, बोट दाखवून आणि बोलून केलं तर ०.३८.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनातलं सतर्कतेचं यंत्र. पायलटने ठरावीक वेळात कुठलंच नियंत्रण हलवलं नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि तरीही बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे ताई म्हणतात तेच. एवढ्या अनुभवी माणसाच्याही लक्षावर रेल्वे विसंबून राहत नाही.

घाटाबद्दल वडिलांनी एक सांगितलं ते मला नवीन होतं. कसाऱ्याहून वर येताना चढ ३७ला १ आहे, मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. सगळ्यांना वाटतं तिथे लक्ष द्यायला जड जात असेल. ते म्हणाले, घाटात लक्ष आपोआप राहतं, कारण दर मिनिटाला काहीतरी करायचं असतं. खरी कसोटी पुढे लासलगाव-मनमाडकडच्या सरळ सपाट मार्गावर, रात्री दोननंतर.

मी घरी हे सुरू केलंय. गॅस बंद केला की "गॅस बंद" असं बोलतो. कुलूप लावलं की कुलपाला हात लावून "लावलं" म्हणतो. निघाल्यावर अर्ध्या रस्त्यातून परत यावंसं वाटणं थांबलं.

---

तिसरी_पाळी (अंबड)

आमच्या शॉपवर फायनल इन्स्पेक्शनला मशीन केलेले पार्ट डोळ्याने बघतात. बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा), क्रॅक, ब्लो होल (ओतकामातलं हवेचं भोक), डेंट. भिंगाखाली दिवा लावून पार्ट फिरवायचा आणि ओके किंवा लाल बिन. मॅकवर्थसाहेबांची तबकडी आमच्याकडे रोज चालू असते.

आमच्याकडे काय करतात ते लिहितो. एका माणसाला सलग त्या टेबलावर ठेवत नाहीत. थोड्या वेळाने तो पॅकिंगला किंवा गेजिंगला, म्हणजे गेजने माप तपासायला, तिकडचा इकडे. गेजिंगला हाताला काम असतं, गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो अडकला पाहिजे, त्यामुळे डोळ्याला आराम मिळतो. दुसरं, सुपरवायझर मधूनमधून लॉटमध्ये मुद्दाम एक-दोन खूण केलेले रिजेक्ट पीस सोडतो. ते पकडले गेले पाहिजेत. सुरुवातीला मुलांना हा अपमान वाटतो, नंतर तेच विचारतात की आज सोडला की नाही. कारण तासन्‌तास एकही खराब पीस आला नाही तर डोळा "सगळं चांगलंच आहे" असं धरून चालतो, आणि मग खरा खराब पीस समोरून निघून जातो.

तिसऱ्या पाळीत, साधारण तीन ते पाच, चहा-पाणी काही केलं तरी माणूस मंदावतो. त्या वेळेत आम्ही अवघड तपासणी ठेवत नाही. हे दिवसपाळीच्या लोकांनीही करून बघावं. दुपारी जेवल्यावर ज्या वेळेत आपण ढेपाळतो त्या वेळेत फायली लावा, फोन करा, सही-शिक्के करा. हिशोबाचं काम सकाळी.

---

निग्रही

सगळं वाचलं. पण तुम्ही सगळे बाहेरच्या कुबड्या सांगताय. मूळ मनच आहे. ज्या टाकळीला समर्थ रामदासांनी १२ वर्षं नदीच्या पाण्यात उभं राहून जप केला ते आपल्या शहरात आहे. ज्या इगतपुरीत जगभरातून लोक विपश्यनेला येतात ते आपल्या जिल्ह्यात आहे. मनाला वळण लावल्याशिवाय फूटपट्ट्या काय कामाच्या?

---

अधिकउणे

निग्रही, मनाला वळण लागतं हे मला पूर्ण मान्य आहे, आणि टाकळीबद्दल माझ्याही मनात आदर आहे. पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं जरा जवळून बघा.

परंपरा सांगते की समर्थ पहाटेपासून माध्यान्हापर्यंत पाण्यात उभं राहून जप करायचे, मग पंचवटीत माधुकरी मागायचे, दुपारी ग्रंथांचं वाचन-लेखन आणि पुराण-कीर्तनाचं श्रवण. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, तोंडात शब्द ठरलेले, आणि जपानंतर चालणं आणि वेगळ्या प्रकारचं काम. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिल्याच दिवशी फोन, पुस्तकं, वही-पेन जमा करून घेतात, मौन असतं, पहाटे चारला घंटा होते, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं. श्वासावरून मन गेलं की परत आणायचं. गेलं म्हणून रागवायचं नाही, असं तिथे पुन्हा पुन्हा सांगतात.

म्हणजे ज्यांनी मनावर सगळ्यात जास्त काम केलं त्यांनीही आधी भोवतालची मांडणी केली. मन आणि मांडणी असं भांडण मला दिसत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं श्वासावर बसण्याचा उपयोग मलाही होतो, मुख्यतः एवढाच की मन सरकलं हे लवकर कळायला लागतं. मला तो फायदा लहान वाटत नाही.

---

निग्रही

पटलं. मी दहा दिवस करून आलोय. परत आल्यावर दोन आठवड्यांत सगळं विरलं, कारण घरी तशी मांडणी नव्हती. हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. आता पहाटेची जागा आणि वेळ पक्की करतो.

---

दुपारचा_चहा (इंदिरानगर)

मला सगळ्यांचं पटतंय पण माझ्या घरात यातलं किती चालेल सांगा. मी घरून भाषांतराचं काम करते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, मुलगी शाळेत असते, शाळेचा फोन येऊ शकतो, त्यामुळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं शक्य नाही. घंटागाडी, गॅसवाला, शेजारच्या काकू. पंचवीस मिनिटं सलग काम करा, मग थोडं थांबा असं सगळीकडे सांगतात, मला सलग तेवढीसुद्धा मिळत नाहीत. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्या बाजूचा रस्ता उकरलेला, दिवसभर रस्ता फोडायचा ब्रेकर चालू.

---

अधिकउणे

ताई, तुमच्यासारख्यांना लक्ष टिकवायला सगळ्यात जड जातं आणि सल्ले मात्र सगळे मोकळा वेळ असणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. चार गोष्टी सुचतात, त्यातल्या चालतील त्या घ्या.

फोनचं: व्यत्यय नको हा पर्याय चालू करून त्यात फक्त शाळा, यजमान आणि डॉक्टर यांच्या नंबरांना सूट देता येते. शाळेचा नंबर वेगवेगळा येत असेल तर "त्याच नंबरवरून लगेच परत आला तर वाजू दे" हा पर्यायही बहुतेक फोनमध्ये असतो. बाकी सगळं गप्प. फोन पालथा, हाताच्या टप्प्याबाहेर पण ऐकू येईल असा. फोन नुसता टेबलावर असला तरी लक्ष खातो असा अभ्यास २०१७ मध्ये आला होता. पुढच्या अभ्यासांत निकाल कमी-जास्त आले, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. पण वाजलेला फोन लक्ष तोडतो यात वाद नाही.

पंचवीस मिनिटांचं: तो आकडा फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकात स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ठरवला. ते काही शास्त्रीय प्रमाण नव्हे. तुमचं माप परिच्छेद ठेवा. एक परिच्छेद म्हणजे एक घड. घेतला की पुरा करायचा, आणि मधेच उठावं लागलं तर पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द टाइप करून उठायचं. परत आल्यावर सुरुवात सापडते.

सासूबाईंचं: त्यांच्या वेळा ठरवून देता येतील का बघा, म्हणजे पाणी, औषध, कूस बदलणं हे घड्याळावर. जी हाक येणार हे माहीत असतं ती कमी तोडते. आणि त्यांच्याजवळ एक बेल ठेवली तर हाक ऐकू आली नाही तर काय ही तुमच्या मनातली टोचणीही जाईल.

आवाजाचं: ब्रेकर त्रास देतोच, पण एकसारखा आवाज मन हळूहळू मागे टाकतं. लक्ष जास्त तोडतं ते बोलणं. कोल आणि वेल्श यांच्या १९७६च्या प्रयोगात न कळणाऱ्या परक्या भाषेतलं बोलणं कानावर पडत असतानाही लोकांच्या आठवणीत चुका वाढल्या. तेव्हा टीव्ही नाहीतर शेजारच्या गप्पा येत असतील तर पंखा जरा वाढवा, एकसुरी आवाजाने बोलणं बुडतं. आणि भाषांतर करताना शब्द असलेली गाणी नकोत.

---

औषधपाणी

मी सरकारी सेवेत डॉक्टर आहे. चर्चा चांगली चाललीय, पण एक राहून जातंय. "हल्ली लक्षच लागत नाही" म्हणून येणाऱ्यांत बऱ्याच जणांचं कारण शरीरात असतं, आणि ते शोधलं तर त्यावर उपाय आहे.

बायकांनी आधी हिमोग्लोबिन बघावं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. थकवा, धाप, लक्ष न लागणं हे सगळं एकत्र चालतं, आणि आपल्याकडे बायका ते वर्षानुवर्षं "कामाचा शीण" म्हणून काढतात. कृपा करून काढू नका. थायरॉईड मंदावला असेल तरी असंच होतं. दूध-अंडी-मांस फारसं न घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं. जोरात घोरणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस असेल तर झोपेत श्वास अडकतोय का हे तपासायला हवं, अशांनी गाडी चालवणं तर फारच धोक्याचं.

झोपेबद्दल एकच अभ्यास सांगतो. अमेरिकेत २००३ मध्ये लोकांना १४ दिवस रोज सहा तासच झोपू दिलं. शेवटी त्यांची लक्षाची चाचणी रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी आली. भीतीची गोष्ट पुढे आहे. आपण एवढे मंदावलोय हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हतं. "मला सहा तास पुरतात" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकराला निम्मा अंगात असतो.

उदासी आणि सततची काळजी यांचंही पहिलं लक्षण कित्येकदा हेच असतं, वाचलेलं डोक्यात न शिरणं. आणि लहानपणापासून, म्हणजे बारा वर्षांच्या आतच, शाळेत-घरी दोन्हीकडे हा त्रास होता असं असेल तर एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलतेच्या विकारासाठी, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. मोठेपणीही निदान होतं, उपचार आहेत. मित्राच्या सांगण्यावरून गोळ्या घेऊ नका, ब्राह्मी-शंखपुष्पीच्या नावाने मिळणारी पाकिटंही नकोत. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

---

पहाटेची_अभ्यासिका

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत आम्ही बारा-बारा तास बसतो आणि तास मोजतो, किती तास झाले हेच एकमेकांना सांगतो. तिसरी_पाळी यांचं वाचून डोक्यात आलं की आमच्या अभ्यासात रिजेक्ट पीस सोडणारं कुणीच नाही. पानं उलटत राहतात, डोळे ओळींवरून फिरतात, आणि मन गेलंय हे कळतच नाही.

आता मी आणि शेजारच्या टेबलावरचा मित्र असं करतोय: दोन पानं वाचली की पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर आठवेल ते. कागद कोरा राहिला की कळतं. संध्याकाळी एकमेकांना पाच प्रश्न विचारतो, त्यातला एक मुद्दाम चुकीचा असतो. राज्यघटनेतलं कलम नाहीतर साल बदलून टाकायचं. पकडलं पाहिजे. तास कमी झालेत, पण लक्षात राहतंय.

---

येवलेकर

येवल्याचा म्हणून लिहितो. घरी पैठणीचा माग आहे. पदराचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी टिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते आणि किती तारा सोडून कुठली टिल्ली वळवायची हे मोजत जावं लागतं. आमचे काका मोजणी मनात ठेवत नाहीत, पुटपुटतात. मधे कुणी बोललं तर उत्तर देत नाहीत, हात वर करतात. ती ओळ ठोकून झाली की मान वर करून "बोल" म्हणतात. घरातल्या लहान पोरांनाही तो वर केलेला हात कळतो. दुपारचा_चहा यांनी घरात अशी एखादी खूण ठरवून बघावी.

---

दुपारचा_चहा

परिच्छेदाचं आणि पुढच्या वाक्याच्या दोन शब्दांचं सुरू केलं. सासूबाईंना बेल दिली, त्यांनाच ती जास्त आवडलीय, हाक मारायचा संकोच गेला म्हणाल्या. हाताची खूण मुलीला शिकवते आहे.

औषधपाणी, तुमचं वाचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही असं सांगितलंय, पण कारण विचारायचं राहिलं.

आणि अधिकउणेताई, मुलगी सातवीत आहे. गणिताला बसली की पाच मिनिटांत उठते. तिच्याशी कुठून सुरुवात करू?

---

औषधपाणी

चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबाच्या सरबताबरोबर घेतलीत तर उलट चांगलं. शौचाला काळं होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळ्या लगेच थांबवू नका, साठा भरायला पुढे काही महिने लागतात. आणि ते कमी का झालं याचं कारणही डॉक्टरांकडून शोधून घ्या, पाळीत रक्त जास्त जात असेल तर ते सांगा.

---

अधिकउणे

मुलीसाठी: पाच मिनिटं बसते ना, मग पाच मिनिटांचंच काम द्या. पूर्ण धडा समोर ठेवू नका, एका कागदावर दोन गणितं उतरवून द्या. गणित मोठ्याने वाचायला सांगा, "काय दिलंय, काय काढायचंय" हे बोट ठेवून म्हणायला सांगा, घाटमाथा यांच्या वडिलांसारखं. दोन झाली की उठू द्या, पाणी पिऊ द्या, मग पुढची दोन. ती कुठे उठते तेही बघा. दर वेळी अपूर्णांकाशीच उठत असेल तर अडचण लक्षाची नाही, अपूर्णांकाची आहे, आणि ते पाचवी-सहावीचं परत शिकवावं लागेल. शेजारी बसून तुम्ही तुमचा परिच्छेद करा, तुमचाही फोन पालथा. आठवडाभराने इथे लिहा, कुठे अडते ते बघून पुढचं ठरवू.